ताळा करता येईल असा डेटा कसा द्यावा

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की देशाचा वाढीचा दर घसरतो, सरासरी थेट उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात होतं. युरोप-अमेरिकेत खर्चकपातीची बाजू मांडणाऱ्यांनी तो उचलून धरला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेत थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात काम मिळालं: छापून आलेल्या एखाद्या निबंधातले आकडे स्वतः काढून दाखवायचे. त्याने हा निबंध निवडला आणि हिशेब काही केल्या लागेना. शेवटी त्याने लेखकांनाच विचारलं आणि त्यांनी आपली एक्सेल शीट पाठवून दिली. त्या शीटमध्ये सरासरीचं सूत्र ३०व्या ओळीपासून ४४व्या ओळीपर्यंतच गेलं होतं; जायला हवं होतं ४९व्यापर्यंत. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गळाले होते. शिवाय काही देशांची काही वर्षं धरलीच नव्हती, आणि न्यूझीलंडचं एक वर्ष व ब्रिटनची १९ वर्षं सरासरीत सारख्याच वजनाने बसवली होती. हे सगळं धरून हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ साली पुन्हा मोजलं, तर उत्तर आलं अधिक २.२ टक्के. एक्सेलची चूक लेखकांनी मान्य केली. बाकीच्या मुद्द्यांवर वाद चालू राहिला.

कर्जाचे आणि वाढीचे मूळ आकडे आधीपासून लोकांसमोर होते. अडलं होतं ते शीटपाशी. म्हणून खाली जिथे जिथे ‘डेटा द्या’ असं म्हटलंय, तिथे आकडे आणि त्या आकड्यांपासून निष्कर्षापर्यंतचा सगळा हिशेब, दोन्ही द्या, असं समजा.

‘मागितल्यास डेटा देऊ’ असं निबंधाच्या शेवटी लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. ती उपयोगाची नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे खरोखरच डेटा मागितला गेला. दिला १२२ जणांनी, म्हणजे शंभरात सातांनीसुद्धा नाही. सगळेच काही लबाड नसतात. माणसं नोकरी बदलतात, लॅपटॉप बदलतात, पेन ड्राइव्ह उघडत नाही, आणि उघडली तर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरं’ यांतली निबंधातली फाइल कुठली, हे लेखकालाच सांगता येत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तुम्ही पीएचडीसाठी एका तालुक्यातल्या साठ विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजलीत, सोबत शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात. तुमचा विषय मानसशास्त्राचा असो की रसायनशास्त्राचा, अडचणी बऱ्याचशा ह्याच येतात.

पहिली पायरी: हा डेटा द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का?

हे काम डेटा गोळा करण्याआधीचं आहे. संमतीपत्रात ‘ही माहिती फक्त याच अभ्यासासाठी वापरली जाईल व नंतर नष्ट केली जाईल’ हे वाक्य कुणाच्या तरी जुन्या फॉर्मवरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. ते एकदा सही होऊन आलं की दार बंद. तुम्ही शब्द दिलाय, तो पाळायलाच हवा. त्याऐवजी असं लिहा: ‘तुमचं नाव व ओळख पटेल अशी माहिती काढून टाकून उरलेली माहिती इतर संशोधकांना वापरण्यासाठी खुली केली जाईल.’ संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज करतानाच हे वाक्य घाला. नंतर बदल मंजूर करून घेणं फार वेळखाऊ असतं.

सरकारी यंत्रणेकडून अटींवर किंवा विकत घेतलेला डेटा (पावसाचे आकडे, उपग्रहाची चित्रं) तुमचा नसतो. तो परत अपलोड करू नका. कुठून घेतला, कोणत्या तारखेला उतरवला, कोणती केंद्रं आणि कोणती वर्षं मागितली, हे नेमकं लिहा, म्हणजे वाचणारा तोच डेटा स्वतः मागवू शकेल. गाइड आणि सहलेखकांचा होकार ईमेलवर लेखी घ्या. चहा पिताना मिळालेला होकार वर्षभराने कुणाला आठवत नाही.

दुसरी पायरी: कच्ची फाइल बाजूला काढा

शेतावरून आलात, वहीतले आकडे संगणकात भरलेत. ती फाइल म्हणजे कच्चा डेटा. तिची प्रत काढा, मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी करून ठेवा आणि पुन्हा तिला हात लावू नका. चूक सापडली तरी मूळ फाइलीत दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती पुढच्या टप्प्यात, नोंद ठेवून करायची. वहीची पानंही स्कॅन करून ठेवा. ती खुली करायची नसली तरी ‘हे १४ आहे की १९’ असा प्रश्न आला की शेवटी तीच उपयोगी पडतात.

फोल्डर तीन पुरेत: कच्चा, तयार, हिशेब. फाइलींची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता. मराठी नावं ठेवायला हरकत नसावी, पण काही जुने प्रोग्राम अजून त्यावर अडतात.

तिसरी पायरी: तक्ता यंत्राला वाचता येईल असा करा

एका ओळीत एकच निरीक्षण. एका विहिरीचं एका तारखेचं मोजमाप ही एक ओळ. वर सुंदर शीर्षक, मधेच गावाचं नाव मोठ्या जोडलेल्या चौकटीत, खाली बेरीज, हे सगळं छापील अहवालासाठी ठीक. डेटाच्या फाइलीत ते नको. रंगांनी अर्थ सांगू नका. ‘पिवळ्या ओळी संशयास्पद’ हे तुम्हाला कळतं, पण सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, फाइल जतन केली की रंग उडून जातो. त्यासाठी ‘शेरा’ नावाचा वेगळा स्तंभ करा.

आता एक्सेल. हा प्रोग्राम मदत करायला इतका उतावीळ असतो की तारखेसारखं काहीही दिसलं की त्याची तारीख करून टाकतो. जनुकशास्त्रात ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ अशा नावांच्या जनुकांचं त्याने इतकं वाटोळं केलं की २०१६ सालच्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली गेली. आपल्याकडे हीच गत गट नंबरांची होते. १२/३ हा सर्व्हे व हिस्सा नंबर टाइप केलात की झाली १२ मार्च. सातबारा लिहायला जाल तर ७ डिसेंबर! ‘१०-१२ फूट’ मधला फूट गाळून नुसतं १०-१२ लिहिलंत तरी तेच. उपाय सोपा आहे: आकडे भरायच्या आधी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नंतर करून उपयोग नाही, तोवर मूळ आकडा गेलेला असतो.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा: २०२३-०४-०३. नुसतं ०३/०४ लिहिलं तर आपल्याला ते ३ एप्रिल वाटतं आणि अमेरिकेत बसलेल्याला ४ मार्च. पावसाळ्याआधीचं मोजमाप कोणतं हे ठरवताना हा एक महिना चांगलाच नडू शकतो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. अंक देवनागरीत टाइप करू नका, ‘१२.५’ हे आर या संगणकभाषेला अंक वाटतच नाही, ती त्याला मजकूर समजते, आणि अंकात बदलायला सांगितलं तर तिथे रिकामी जागा ठेवते. जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या माणसाला निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. आणि एक्सेलमधून जतन करताना साधा ‘सीएसव्ही’ नको, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. साध्या प्रकारात सगळं मराठी प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलतं, आणि फाइल बंद केली की परत मिळत नाही.

गावाच्या नावासोबत २०११च्या जनगणनेतला गावाचा कोड द्या. महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत हे कुणी सांगायला नको, आणि रोमनमध्ये त्यांची स्पेलिंगं त्याहून जास्त.

चौथी पायरी: प्रत्येक स्तंभाचा खुलासा

एवढं एकच नीट केलंत आणि बाकी जेमतेम, तरी चालेल असं माझं मत आहे. स्तंभाचं नाव ‘पाणीपातळी’ आणि खाली ६.४. आता अनोळखी माणसाचे प्रश्न बघा. मीटर की फूट? पाण्याची उंची तळापासून, की वरून पाण्यापर्यंतचं अंतर? वरून म्हणजे कठड्याच्या माथ्यापासून की जमिनीपासून? कठडा सगळ्या विहिरींना आहे का, आणि असेल तर त्याची उंची वेगळी नोंदवलीय का? मोजलं तेव्हा पंप चालू होता की बंद? बंद असेल तर किती तास?

कोरड्या विहिरीचं काय केलंत, हा त्यातला सगळ्यात घातक प्रश्न. पाणी नाही म्हणून ० लिहिलं असेल आणि स्तंभाचा अर्थ ‘जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर’ असा असेल, तर ती विहीर काठोकाठ भरलेली ठरते. दुष्काळी गावाची सरासरी काढणाऱ्याला तिथे पाणीच पाणी दिसेल. कोरडी, मोजलीच नाही, मालकाने मोजू दिली नाही आणि वहीतलं पान भिजलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौघींना चार वेगळे संकेत द्या आणि ते कुठेतरी लिहून ठेवा.

खुलाशाची फाइल साधीच असते. एका स्तंभासाठी तिच्यात एवढं आलं की झालं:

‘पाणी_खोली_मी: जमिनीच्या पातळीपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर, मीटरमध्ये, एक दशांश स्थळापर्यंत. पोलादी टेपने मोजलं. कठड्याच्या माथ्यापासून घेतलेल्या मापातून कठड्याची उंची (स्तंभ: कठडा_मी) वजा केली आहे. पंप बंद करून किमान सहा तास झाल्यावर, सकाळी. कोरडी विहीर: रिकामी जागा, आणि स्थिती या स्तंभात “कोरडी”.’

पाच ओळीच आहेत, पण यातला प्रत्येक शब्द पुढे कुणाचा तरी एक ईमेल आणि तुमची एक संध्याकाळ वाचवतो. मुलाखतींच्या बाबतीत प्रश्नावली जशी विचारली तशी, मराठीतच, जोडा. इंग्रजी निबंधातला प्रश्न आणि शेताच्या बांधावर बसून विचारलेला प्रश्न यांत बऱ्याचदा जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

याखेरीज एक ‘रीडमी’ फाइल: डेटा कशाचा, कधीचा, कुठला, कुणी गोळा केला, कोणती फाइल कशासाठी, आणि निबंधातला कोणता तक्ता कोणत्या फाइलीतून येतो. साध्या टेक्स्टमध्ये लिहा. वर्डची फाइल नको.

पाचवी पायरी: हिशेबाची वाट

आर किंवा पायथॉन वापरत असाल तर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची फाइल, द्या. कच्च्या फाइलीपासून निबंधातल्या शेवटच्या आलेखापर्यंत सगळं त्या स्क्रिप्टने झालं पाहिजे. मधे कुठेही हाताने केलेली दुरुस्ती नको. स्वतःच्या लॅपटॉपवरचे फोल्डरचे लांबलचक पत्ते काढून टाका. प्रोग्राम आणि त्यातली पॅकेजेस कोणत्या आवृत्तीची होती ते लिहा. यादृच्छिक आकडे वापरले असतील तर त्यांचं बीज, म्हणजे ‘सीड’, ठरवून द्या, नाहीतर दर वेळी उत्तर थोडं हलेल.

एसपीएसएस हा संख्याशास्त्राचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना वाटतं की आपण मेनूतून क्लिक करतो, आपल्याकडे देण्यासारखं काही नाही. आहे. प्रत्येक खिडकीत ‘पेस्ट’ नावाचं बटण असतं. ‘ओके’ऐवजी ते दाबा, तुमच्या क्लिकची आज्ञावली तयार होते. तीच जतन करा. आणि सगळं एक्सेलमध्येच असेल तर ते लपवू नका. सूत्रांसकट शीट द्या. राइनहार्ट-रोगॉफ प्रकरणातली चूक सापडली ती सूत्र दिसत होतं म्हणूनच.

सहावी पायरी: माणसं ओळखू येणार नाहीत याची काळजी

नावं आणि फोन नंबर खोडले की झालं, असा समज आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना फक्त पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख या तिघांवरून वेगळं काढता येतं. ‘निनावी’ म्हणून दिलेल्या दवाखान्यांच्या नोंदींतून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. दीड हजार वस्तीच्या गावात तर एवढंही लागत नाही. ‘माजी सरपंच, स्त्री, वय ५४, विहिरीवर दोन पंप’ हे वाचून पारावर बसलेला कुणीही नाव सांगेल.

म्हणून वयाऐवजी वयोगट द्या, हुद्दे काढा, मोजक्याच घरांची जात असेल तर ती ‘इतर’मध्ये घाला. विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केले की जागा साधारण किलोमीटरभराच्या परिसरात धूसर होते. यात खरा पेच आहे, तो झाकू नका: जागा धूसर केली तर भूगर्भाशी संबंध जोडून ताळा करू पाहणाऱ्याची अडचण होते. मधला मार्ग म्हणजे धूसर फाइल सगळ्यांसाठी खुली आणि अचूक फाइल अर्ज करणाऱ्यालाच, अटी मान्य केल्यावर. बऱ्याच डेटा-भांडारांत ही सोय असते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून संस्थाही याबाबत जास्त विचारपूस करू लागल्या आहेत, ते बरंच झालं.

सातवी पायरी: ठेवायचं कुठे

गुगल ड्राइव्हची लिंक नको, विभागाच्या संकेतस्थळाचा कोपरा नको. विद्यापीठाने संकेतस्थळ नवं केलं की जुने दुवे मरतात. प्रोग्राम ठेवायचं गिटहब हे संकेतस्थळही नुसतं पुरेसं नाही. तिथलं खातं तुम्ही उद्या पुसू शकता. हवं ते डीओआय देणारं भांडार, म्हणजे फाइलीला कायमचा क्रमांक मिळतो.

सुरुवातीला झेनोडो हे भांडार सोपं पडतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने २०१३ साली ते सुरू केलं, पैसे पडत नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली मावतात. त्याचं एक सरावाचं रूपही आहे, ‘सँडबॉक्स’ नावाचं. आधी तिथे खेळून बघा, कारण खऱ्या जागी प्रकाशित केलेली नोंद सहज मागे घेता येत नाही. डीओआय आधी राखून ठेवता येतो, म्हणजे निबंध पाठवतानाच तो क्रमांक त्यात घालता येतो. जनुकीय क्रमांसारखा डेटा असेल तर त्या विषयाच्या भांडारात जा; आपल्याकडे त्यासाठी फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे.

परवाना निवडायला विसरू नका. परवानाच नसेल तर कायद्याने काय करायची मुभा आहे हे कुणाला नक्की कळत नाही, डेटा डोळ्यांसमोर असूनही. डेटासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ हा तयार परवाना घेतला की वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावं लागतं. सीसी झीरोत तेही बंधन नाही. स्क्रिप्टसाठी एमआयटी परवाना चालतो. ‘व्यापारी वापर नको’ ही अट घालावीशी वाटते, पण तिने एखाद्या खासगी महाविद्यालयातला शिक्षकही गोंधळात पडतो, म्हणून मी ती टाळायला सांगतो.

‘माझ्याआधी दुसराच कुणी निबंध काढेल’ ही भीती खरी आहे आणि तिच्यावर तोडगाही जुना आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ज्याला वेळ मिळतो, त्याच्याकडे निरीक्षणं १८ महिने राखीव असतात. नंतर ती सगळ्यांसाठी खुली होतात. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश-सर्वेक्षणाचा कच्चा डेटा असाच संग्रहात होता. मूळ चमूबाहेरचे खगोलशास्त्रज्ञ इंटेमा आणि सहकाऱ्यांनी तो नव्या पद्धतीने पुन्हा तासला आणि २०१७ साली आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाच्या प्रतिमा आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी दिली. तुम्हीही भांडारात तारीख घालून ठेवा: अमुक दिवशी आपोआप खुलं. फक्त ती तारीख निवृत्तीनंतरची नको!

आठवी पायरी: परका लॅपटॉप

प्रकाशित करण्याआधी सगळं फोल्डर एखाद्या ज्युनिअरला द्या, जिने या कामाला कधी हात लावलेला नाही. तिला एवढंच सांगा: निबंधातला तक्ता २ काढून दाखव. आणि तुम्ही तिथून उठून जा. शेजारी बसलात तर नकळत सांगत राहाल, ‘अगं, ते आधी चालवायचं’, आणि नेमकं तेच रीडमीत लिहायचं राहून गेलेलं असतं. ती जिथे जिथे अडली ती प्रत्येक जागा रीडमीतली एक नवी ओळ. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले तर उत्तम. नाही जुळले तर का, ते शोधल्याशिवाय निबंध पाठवू नका.

नववी पायरी: निबंधात आणि नंतर

निबंधात लिहा: ‘या अभ्यासाचा निनावी केलेला डेटा व विश्लेषणाची स्क्रिप्ट झेनोडोवर अमुक डीओआयखाली उपलब्ध आहे. विहिरींची अचूक स्थाननिश्चिती अर्ज केल्यावर मिळेल.’ संदर्भसूचीतही त्या डेटाला स्वतंत्र नोंद द्या, म्हणजे त्याचा उल्लेख मोजला जातो. प्रबंध शोधगंगेवर जाणार असेल तर त्यातही तोच क्रमांक घाला. सीडीवर जोडलेला डेटा ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर येत नाही.

कधीतरी कुणाचा ईमेल येईल: ३७व्या ओळीत विहिरीची खोली आणि पाण्याची खोली यांचा मेळ बसत नाही. वही काढा, तपासा. त्याचं बरोबर असेल तर दुरुस्त फाइल नवी आवृत्ती म्हणून चढवा, जुनी तशीच राहू द्या, आणि काय बदललं ते रीडमीच्या वरच्या बाजूला तारखेसह एका ओळीत लिहा. निबंधातला आकडा त्यामुळे बदलत असेल तर जर्नललाही कळवा, आणि ईमेल करणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, आभारात घाला.